मला उशीर होतोय, तू जेवून घे

दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती. मेणाचा, प्लास्टरचा आणि कसल्याशा गुलाबी भुकटीचा वास तिथल्या भिंतींत मुरला होता. त्या खोलीत बाई कवळ्या बनवायच्या. हिरडीचा साचा समोर आला की त्यावर मेणाचा थर चढवायचा, एकेक दात लावायचा, वरचा जबडा खालच्यावर टेकवून बघायचा, मग पुन्हा काढून सरळ करायचा. एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात कधी बसत नाही, त्यामुळे आयुष्यभर त्यांनी एकासारखी दुसरी वस्तू बनवलीच नव्हती.

घरी मात्र त्यांचा खाक्या वेगळा. वस्तू डब्यातून जशी निघाली तशीच त्यांना हवी असायची. नवा फोन घेतला, चालू केला, लेकीला लावला, लागला, झालं. पडद्यावरचं कंपनीचं निळं चित्रसुद्धा त्यांनी कधी बदललं नाही. "मला बोलायचंय फोनवर, त्याच्याशी संसार नाही करायचा," असं त्या म्हणायच्या.

फोनशी संसार करणारा माणूस त्यांच्याच घरात होता. नवरा रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रणाचं काम करायचा, आणि सोबतचे सगळे त्याला खटपट्या म्हणायचे. नाव अगदी चपखल होतं. विकत आणलेली कुठलीही वस्तू खोलून, तिच्या पोटात हात घालून, तिला आपल्या वळणावर आणल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. निवृत्त झाल्यावर तर त्याला रानच मोकळं मिळालं. टेबलाखाली त्याने स्वतः जोडलेली एक काळी पेटी ठेवली, आणि हळूहळू घरातले दिवे, पंखे, पाण्याचा हीटर, दार, सगळं त्या पेटीच्या ताब्यात गेलं.

"अहो, दिवे बटणाने लागत होते तेव्हा काय वाईट चाललं होतं?" बाई विचारायच्या.

"बटण सगळ्यांचं असतं. हे आपलं आहे."

"आपलं कसलं, तुमचं आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"तुला कळायची गरजच पडू नये म्हणून तर एवढं चाललंय, अगं!"

बाई आमटी ढवळत राहायच्या. एक मात्र खरं, गरज पडत नव्हती. त्या स्वयंपाकघरात शिरल्या की ओट्यावरचा दिवा आपोआप लागायचा. आंघोळीला जायच्या वेळी पाणी तापलेलं असायचं. खटपट्या बाहेरून यायचा तेव्हा त्याचे दोन्ही हात कसल्या ना कसल्या भंगाराने भरलेले असायचे, आणि बाईंना ओल्या हाताने दार उघडायला जावं लागायचं. त्यावरून कटकट व्हायची. म्हणून त्याने दाराला विजेचं कुलूप बसवलं. दोघांचे फोन घरात असले की कुलूप आपोआप लागायचं. दोघं बाहेर असली तरी लागायचं. बाई एकट्या घरात असल्या की मात्र ते उघडं राहायचं, म्हणजे त्याने नुसता खांदा लावला की दार ढकललं जावं. जुनी लोखंडी कडी नव्या कुलपाला आडवी येत होती, ती त्याने काढूनच टाकली.

आणि घर बोलायचं. कंपनीने दिलेला बाईचा आवाज त्याला सहन होईना. "पाहुणी आल्यासारखी गोड बोलते," म्हणून त्याने स्वतःचा आवाज घातला. त्यासाठी तो कोटांच्या कपाटात शिरून बसला, घुमारा येऊ नये म्हणून. एकेक वाक्य स्वच्छ, सावकाश. दूध उतू जाईल. पाणी तापलंय. आलो गं. घरातला खटपट्या बोलताना खोकायचा, अर्धं वाक्य गिळायचा, मध्येच चिडायचा. पेटीतला खटपट्या रेडिओवरच्या निवेदकासारखा शांत होता. "हा नवरा बरा आहे," बाई हसून म्हणायच्या, "उलट उत्तर देत नाही."

एके सकाळी खटपट्या केस कापायला गेला आणि न्हाव्याच्या खुर्चीतच गेला.

त्या सकाळची एक गोष्ट बाईंनी कोणालाच सांगितली नाही, अगदी लेकीलाही नाही. न्हावी नंतर भेटायला आला होता. तो म्हणाला, "बाई, त्यांना घाम फुटला, छाती धरली, तेव्हा मी त्यांच्याच खिशातला फोन काढला. त्यांचा अंगठा लावला. उघडला. पण आत काही चित्रंच नव्हती हो. काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ. कुठे दाबायचं, तुम्हाला कसा लावायचा, काही कळेना. त्यांना बोलता येत नव्हतं, नुसते फोनकडे बघत होते. मग दुकानातला एक माणूस पळत तुमच्या दवाखान्यात गेला."

तो पळत आला तेव्हा बाईंच्या हातात मेण होतं. त्या पोचल्या तेव्हा सगळं संपलेलं होतं. आधी कळलं असतं तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. खरंच असेल ते. पण निदान हात धरता आला असता, हे बाईंच्या मनातून जाईना. जगातल्या कोणाच्याही फोनवर हिरवं बटण असतं. यांच्यावर नव्हतं.

त्यांनी तो फोन बंद केला आणि कपाटात कपड्यांच्या मागे सारून ठेवला.

पुढचे काही दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. लेक आली, दीर आला, शेजारीपाजारी येत-जात राहिले. तेवढ्या दिवसांत घर चकार शब्द बोललं नाही. नातेवाईक हसतील म्हणून खटपट्याने तशी सोय करून ठेवली होती. घरात परके फोन आले की पेटी गप्प बसायची. बाई हे विसरून गेल्या होत्या. पेटीची वाचाही मालकासोबत गेली असावी, एवढंच त्यांच्या मनात आलं.

मग लेकीची रजा संपली. तिला गाडीत बसवून बाई परत आल्या, चपला काढल्या आणि अंधारून आलेल्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं. ओट्यावरचा दिवा लागला. बाईंनी भांडं गॅसवर ठेवलं. जेवायची वेळ झाली तसा भिंतीतून आवाज आला.

"मला उशीर होतोय. तू जेवून घे. दार उघडंच आहे."

बाईंच्या हातातला चमचा खाली पडला. घराच्या हिशेबी फोन घरी आलेला नव्हता, म्हणून तो फोनवाला माणूसही अजून बाहेर होता. तो जिवंत असतानाही हे वाक्य कधीमधी ऐकू यायचं, रेडिओ केंद्रात जुने मित्र भेटले आणि गप्पांत अडकला की. बाईंना हे सगळं समजत होतं. समजूनही त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या, आणि मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. कुलपावरचा बारीक दिवा हिरवा होता. दार उघडं होतं.

त्यांनी दाराला खुर्ची लावली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. मला उशीर होतोय. रोज संध्याकाळी, त्याच शांत, स्वच्छ आवाजात, जसा काही रस्त्यात कोणीतरी ओळखीचं भेटलंय. इतकी वर्षं त्याने हे सांगितलं तरी त्या कधी आधी जेवल्या नव्हत्या, ताट झाकून बसायच्या. आताही हात आपोआप ताट झाकायला जायचा. एका संध्याकाळी वाऱ्याने खुर्चीसकट दार करकरत आत सरकलं आणि बाईंच्या तोंडून शब्द निघाला, "आलात?" जिन्यात कोणी नव्हतं.

शेवटी त्यांनी लेकीला फोन लावला. आवाजाचं सांगितलं नाही, फक्त दाराचं सांगितलं.

"आई, अगं बाबांचा फोन चार्ज करून घरात ठेव," लेक म्हणाली. "मग घराला वाटेल दोघं आत आहेत. कुलूप लागेल. मी आले की नीट बघू."

उपाय सोपा होता. बाईंनी फोन काढला, तारेला लावला आणि त्याच्या टेबलावर ठेवला. थोड्या वेळाने पडद्यावर ती रेघ लुकलुकायला लागली.

"आलो गं," घर म्हणालं.

दाराचं कुलूप खट्कन लागलं. त्याच्या खोलीतला टेबलावरचा दिवा लागला. पंखा त्याला आवडायचा तितक्याच मंद गतीने फिरायला लागला. रेडिओ हळू आवाजात सुरू झाला. बाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत राहिल्या. रिकामी खुर्ची, तिच्यावर पडलेला पिवळा उजेड, वाऱ्याने हलणारा कागद. तो आत्ताच उठून हात धुवायला गेला असावा, इतकंच.

त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. खरं सांगायचं तर पुढचे काही आठवडे त्या सुखात होत्या. रोज संध्याकाळी दार लागायचं, खोलीत उजेड असायचा. त्या स्वयंपाकघरातून काहीबाही बोलायच्या. अमुक म्हाताऱ्याला कवळी बसत नाही, तमुक बाई दात पांढरेशुभ्रच हवेत म्हणून हटून बसल्यात. खोलीतून उत्तर यायचं नाही, पण आधी तरी कुठे यायचं? खटपट्या कामात असला की नुसतं हूं करायचा. आता हूं नव्हतं, एवढाच फरक.

मग फरक वाढत गेला. बाईंच्या लक्षात यायला लागलं की त्या खोलीवरून जाताना पावलं हळू टाकतात. टीव्ही लावत नाहीत, त्याला व्यत्यय येईल म्हणून. शेजारीण म्हणाली, येऊ का बसायला, तर तोंडातून निघून गेलं, "आज नको, घरात आहेत." तिने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेली. बाई दार लावून तशाच खाली बसल्या.

बाई आंघोळीला आता उशिरा जात होत्या, गुडघे सकाळी धरायचे म्हणून. पण पाणी जुन्याच वेळेला तापायचं आणि त्या जाईपर्यंत कोमट व्हायचं. खटपट्या असता तर त्याने ओळखून वेळ बदलली असती. पेटीला फक्त तेव्हाच्या बाई ठाऊक होत्या. त्या बाईसाठी घर रोज सगळं तयार ठेवत होतं, आणि आताच्या बाई त्याच्या मागे मागे फरफटत होत्या.

दीर आला तो याच सुमारास. त्याचं घरगुती यंत्रांचं दुकान होतं. स्वभावाने भावाच्या अगदी उलटा, जे विकायचा त्याचं माहितीपत्रकही वाचायचा नाही. "बटण दाबलं की चाललं पाहिजे, नाहीतर परत करा," हे त्याचं तत्त्व. त्या संध्याकाळी तो आपला फोन दुकानात विसरून आला होता, त्यामुळे घराला पाहुणा आल्याचं कळलंच नाही. तो चहा पीत होता तेवढ्यात वीज गेली आणि परत आली. पेटी नव्याने सुरू झाली.

"आलो गं," खटपट्या म्हणाला.

दिराने कप बशीत टेकवला. तो उठला, खोलीच्या दारापर्यंत गेला. दिवा, पंखा, रेडिओ, रिकामी खुर्ची. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"वहिनी, हे किती दिवस चाललंय?"

"पहिल्यापासून."

"आणि तुम्ही इथे एकट्या…" बशी खाली ठेवून त्याने तोंड फिरवलं. मग म्हणाला, "दादाचा आवाज असा नव्हता. तो असा कधीच बोलला नाही माझ्याशी. हे काढून टाका."

"काढून टाका म्हणजे काय, भाऊजी? मला कुठे येतं?"

"मला तरी कुठे येतं? मी दुकानातला डबा आणतो. पांढरा, साबणाच्या वडीएवढा. भिंतीत खुपसला की झालं. तुमच्यासारख्यांसाठीच बनवलाय."

रविवारी तो डबा घेऊन आला, सोबत एक नवीन कुलूप आणि जुन्या पद्धतीची लोखंडी कडीही. आधी त्याने हलक्या हाताने करून बघितलं. फक्त आवाज बंद करायचा, बाकी राहू दे. पण खटपट्याने सगळं एकमेकांत असं गुंफलं होतं की आवाजाला हात लावला तर हीटर बंद पडला, हीटर सुरू केला तर दार उघडलं. दिराच्या नाकी नऊ आले. त्याने लेकीला फोन लावला. पलीकडून लेक सांगत राहिली, अलीकडे दीर चुकत राहिला.

"काका, थांबा," लेक शेवटी म्हणाली. "अर्धवट काही होणार नाही. एक तर बाबांचं सगळं शिकून घ्यावं लागेल, किंवा सगळं पुसावं लागेल. आई, मी शिकेन. मला वर्षभर दे. मी सगळं तुझ्या सवयीचं करून देते."

बाईंनी विचार केला. लेक शिकली असती, बापाचंच डोकं होतं तिचं. पण वर्षभर त्या खोलीत दिवा जळत राहिला असता, आणि त्या पावलं हळू टाकत राहिल्या असत्या.

"पुसून टाक," त्या म्हणाल्या.

"आई, आवाजही जाईल. मी निदान त्याची प्रत काढून घेते."

"घे. तुझ्याजवळ ठेव. मला ऐकवू नकोस."

लेकीला ते करायला बराच वेळ लागला. मग तिने सांगितलं तसं दिराने पेटीच्या कळफलकावर टाईप केलं आणि शेवटचं बटण दाबायला तो बाईंपुढे सरकवला. त्याला ते दाबवेना. बाईंनी पुसायला काढलेलं फडकं बाजूला ठेवलं आणि बोट टेकवलं.

"खरंच पुसू?" घराने विचारलं. "परत येणार नाही हं."

याही वेळेसाठी तो कोटांच्या कपाटात बसून बोलून गेला होता. चुकून सगळं पुसलं जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू असणार, म्हणूनच दिराचा फोन घरात असूनही पेटी इथे गप्प बसली नव्हती. पण तो शेवटचा 'हं' सावकाश निवेदकाचा नव्हता. रेकॉर्डिंग संपत आलं म्हणून जरा सैल पडलेल्या माणसाचा होता. फोनवर लेकीचा श्वास ऐकू येत होता.

इतके महिने गिळून ठेवलेलं बाईंच्या तोंडून बाहेर आलं.

"तुम्हाला नाही हो, उशीर मला झाला," त्या पेटीला म्हणाल्या. "त्या माणसाच्या हातात तुमचा फोन होता. एक हिरवं बटण ठेवलं असतंत तर मी आले असते. धावत आले असते." आणि मग, जरा थांबून, "माझ्यासाठीच केलंत सगळं, ठाऊक आहे मला. पण मला यायला वाट ठेवली नाहीत."

पेटी उत्तराची वाट बघत होती. बाईंनी पुन्हा बोट दाबलं. खोलीतला दिवा विझला, पंखा दोन-चार फेरे घेऊन थांबला, रेडिओ गप्प झाला.

लेक फोनवर रडत होती. "आई, हे तू सांगितलं का नाहीस मला?"

"काय सांगू? तुझे बाबा तुला देवासारखे."

"मला ठाऊक होतं, त्यांचा फोन कोणालाच चालवता यायचा नाही ते. मी त्यांना म्हणाले होते. हसले नुसते." फोन मायलेकींपैकी कोणीच ठेवला नाही.

पांढरा डबा खरोखर भिंतीत खुपसला की झालं, असाच निघाला. दिवे लागायचे, विझायचे. हीटर बाईंनी स्वतःच्या वेळेला लावला, दोनदा बोट टेकवून. दाराला कडी आली. बाई घरात शिरल्या की डबा म्हणायचा, "घरी तुमचं स्वागत आहे." गोड, पाहुणीसारखा आवाज. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दिराला विचारलं, "हिचं तोंड बंद नाही का करता येत?"

"नाही हो वहिनी. कंपनीने तसंच दिलंय. त्यात बदल होत नाही."

"तुमच्या दादांनी दुपारपर्यंत बंद केलं असतं," बाई म्हणाल्या, आणि दोघंही त्या घरात बऱ्याच दिवसांनी हसली.

शेजारीण आता संध्याकाळी येऊन बसते. खटपट्याची खोली बाईंनी उघडीच ठेवलीय. टेबलावर बाई कधी कधी साचे आणून घासतात, उजेड चांगला आहे म्हणून. त्याचा फोन लेकीने नेला, शिकायला. ती म्हणते, निम्मं कळलंय, आणि त्यात बाबांनी ठिकठिकाणी विनोद करून ठेवलेत.

एक गोष्ट मात्र बाईंनी अजून कोणाला सांगितलेली नाही. पुसल्यानंतर बरेच दिवस त्यांना त्याचा खरा आवाज आठवतच नव्हता. आठवायला गेलं की तो कपाटातला, शांत, धुतल्यासारखा आवाज यायचा. त्यांना त्याची धास्ती बसली होती. वाटायचं, माणूस गेला, आणि त्याचा आवाज आपण आपल्या हाताने घालवला.

मग एकदा दवाखान्यामागच्या खोलीत त्या एक कवळी घासायला बसल्या होत्या. घासायचं यंत्र घुर्र करत होतं, गुलाबी भुगा उडत होता. त्या आवाजाच्या खालून कोणीतरी खोकलं. जोरात, बेसूर. आणि चिडून, अर्धं वाक्य गिळत म्हणालं, "अगं किती वेळा सांगितलं, त्या तारेला हात…"

बाईंनी झटकन यंत्र बंद केलं. खोलीत कोणी नव्हतं. पलीकडे डॉक्टर कोणाला तरी आ करायला सांगत होते. बाईंच्या मानेवरून गार काहीतरी सरकत गेलं. हातातली कवळी त्यांनी उजेडात धरून बघितली. कडा गुळगुळीत झाल्या होत्या, आता घासायचं काही उरलं नव्हतं.

त्यांनी यंत्र पुन्हा सुरू केलं आणि मान खाली घालून, कान देऊन बसून राहिल्या.